सीमाला सोबत

रेखाला शांतता सोसत नाही. चार माणसं जमली आहेत आणि कुणीच बोलत नाही, असं झालं की तिच्या जिवाची घालमेल होते आणि ती काहीतरी बोलून मोकळी होते. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातल्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे तिची नोकरीची सगळी वर्षं गेली. तिथे हा गुण फार उपयोगी पडला. गोळ्या न्यायला आलेले म्हातारे तिच्याशी गप्पा मारायला थांबत आणि मॅनेजर खूश असे. पण गुण झाला तरी कधी ना कधी अंगाशी येतोच. रेखाच्या अंगाशी तो मार्च महिन्यात, प्रसादच्या बेसमेंटमध्ये आला.

प्रसाद म्हणजे पार्सिपनीच्या मराठी मंडळींमधला हौशी कार्यकर्ता. पन्नाशीतला, आयटीत मोठ्या हुद्द्यावर आणि निवृत्त काका-काकूंना जगभर हिंडवून आणायचं व्रत घेतलेला. या वर्षी ग्रीस ठरलं होतं. अथेन्स, डेल्फी, मग बोटीनं मिकोनोस आणि सँटोरिनी, शेवटी क्रीट. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एक गाइड बरोबर असणार, बॅगा हॉटेलवाले उचलणार, आपण फक्त बसमध्ये बसायचं आणि सांगतील तिथे उतरायचं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर निळे घुमट सरकत होते, मंडळी बटाटेवडे खात होती आणि प्रसाद कोण कुणाबरोबर खोलीत राहणार ते विचारत होता. खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतं, सगळी जोडपीच होती. मग सीमाचं नाव आलं आणि तो अडखळला.

सीमा ही रेखाची इथली सर्वांत जुनी मैत्रीण. तिचा नवरा रवींद्र आदल्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास अचानक गेला. सकाळी बर्फाचं फावडं गॅरेजमधून काढून ठेवलं आणि दुपारी माणूस नाही. त्यानंतर मंडळींबरोबर जायची सीमाची ही पहिलीच सहल. प्रसाद म्हणाला, "सीमाकाकू, तुमचं..." आणि थांबला. कुणी वड्याकडे पाहिलं, कुणी टीव्हीकडे. सीमा हातातली प्लेट खाली ठेवून काही बोलणार, इतक्यात रेखा बोलली.

"मी राहते ना सीमाबरोबर. तिला सोबत नको का? चारू एकटा मजेत झोपेल."

झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रेखाकाकू म्हणजे रेखाकाकूच, असं कुणीतरी म्हणालं. त्र्यंबककाकांनी तर टाळी वाजवली. त्र्यंबककाका या मंडळींत सर्वांत आधी अमेरिकेत आलेले, त्यामुळे त्यांनी टाळी वाजवली की बाकीचेही वाजवतात. रेखा हरभऱ्याच्या झाडावर चढली आणि घटकाभर तिथे मजेत बसली. सीमानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, चालेल की. कोपऱ्यात बसलेल्या रेखाच्या नवऱ्यानं, चारुदत्तनंही मान हलवली.

झाडावरून ती उतरली गाडीत बसल्यावर. सीटबेल्ट लावता लावता आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं.

कारण ही सहल चारुदत्तसाठी होती. डिसेंबरमध्ये त्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं होतं. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देणारा हा डॉक्टर, हात असा स्थिर की सर्जन त्याचं नाव काढत, आणि आता त्याचा उजवा हात चहाच्या कपाशी हुज्जत घालू लागला होता. न्यूरोलॉजिस्ट बाईंनी औषधं दिली, व्यायाम सांगितला आणि निघताना सहज म्हणाल्या, लांबचा प्रवास करायचा मनात असेल तर पुढे ढकलू नका, याच वर्षी करून या. त्या सहज म्हणाल्या, पण रेखानं ते बरोबर ऐकलं. दोघांचा हा बहुधा शेवटचा मोठा प्रवास. चारुदत्तला शाळेत असल्यापासून अथेन्स बघायचं होतं. आजाराबद्दल त्यांनी लेकीखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. लोक कीव करतात, भेटल्यावर आधी हाताकडे बघतात, कशाला सांगायचं, असं दोघांचं ठरलं होतं. आणि अशा प्रवासात रेखानं भर सभेत नवऱ्याला वेगळ्या खोलीत पाठवून दिलं होतं.

गाडी रूट फॉर्टी सिक्सला लागली तरी ती गप्प होती. चारुदत्त थोड्या वेळानं म्हणाला, "बरं केलंस." एवढंच. रेखाला वाटलं, म्हणजे यालाही एकटं राहायचंय. तिला ते लागलं.

लेक अनिका सांता क्लाराला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर तिला त्यात प्रश्नच दिसेना. "मॉम, जस्ट टेल देम यू चेंज्ड युअर माइंड," ती म्हणाली. रेखा म्हणाली, असं नाही सांगता येत. व्हाय नॉट, असं अनिकानं विचारलं, अगदी मनापासून विचारलं. भीड म्हणजे काय, हे अमेरिकेत जन्मलेल्या मुलीला कसं सांगायचं? सगळ्यांसमोर शब्द दिलेला. आता माघार घेतली तर सीमाला वाटणार, मी नकोशी झाले. आणि कारण सांगायचं तर आजार सांगायला हवा. रेखानं विषय बदलला आणि तिकडे पाऊस आहे का, असं विचारलं.

एप्रिलपासून मंडळींनी अथेन्सची अक्रोपोलिस टेकडी चढायची तयारी म्हणून शनिवारी सकाळी तळ्याकाठी चालायला सुरुवात केली. रेखा पुढच्या घोळक्यात बोलत चाले. चारुदत्त मागे राही. सीमा बहुतेक वेळा त्याच्याबरोबर असे. सीमा निवृत्त फिजिओथेरपिस्ट, तिचं चालणंच मोजूनमापून, म्हणून ती मागे राहते असं रेखा समजली. निघायच्या आठवड्यात रेखानं दोन बॅगा भरल्या. लग्न झाल्यापासून दोघांचे कपडे कधी वेगवेगळ्या बॅगांत गेले नव्हते. चारुदत्तच्या बॅगेत गोळ्यांचा डबा ठेवताना तिला इतका राग आला की तिनं बॅगेची चेन दोनदा अडकवली. राग अर्थात स्वतःचा.

अथेन्सला त्यांना वासो भेटली. वासो ही त्यांची गाइड, आवाजानं मास्तरीण आणि मनानं मावशी. तिनं सगळ्यांच्या कानात घालायला एकेक यंत्र दिलं आणि तेव्हापासून ती प्रत्येकाच्या डोक्यात बसून बोलू लागली. पायरी आहे, जपून. डावीकडे बघा. संगमरवर गुळगुळीत आहे, काठावर जाऊ नका. बसमध्येही तिचा नियम होता: रोज प्रत्येकानं दोन रांगा पुढे सरकायचं, म्हणजे पुढच्या काचेतून बघायची संधी सगळ्यांना मिळते. सगळे सरकत होते, पण जोड्या त्याच राहत होत्या. रेखानं एकदा सोबत जाहीर केल्यावर मंडळींनी सीमाला पूर्णपणे तिच्या पदरात टाकलं होतं. बसमध्ये सीमाशेजारी रेखा, जेवताना सीमाशेजारी रेखा. चारुदत्तच्या वाट्याला त्र्यंबककाका आले. त्र्यंबककाकांना ग्रीसपेक्षा ते अमेरिकेत नवे असतानाची गोष्ट सांगण्यात रस होता आणि ती पाठ असलेली त्यांची बायको खुशाल दुसऱ्या बायकांत बसे. टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिरासमोर चारुदत्त खांबांकडे बघत उभा राहिला. रेखाला लांबून त्याची पाठ दिसत होती. त्याच्या जवळ जाऊन उभं राहावं असं तिला फार वाटलं, पण त्र्यंबककाका त्याला डेट्रॉइटमधल्या थंडीबद्दल सांगत होते आणि सीमा तिचा हात धरून पायऱ्या उतरत होती. पार्थेनॉनसमोरचा फोटो निघाला तो चारुदत्त आणि त्र्यंबककाकांचा.

तरी सहल छान चालली होती, हे नाकारायचं कशाला? डेल्फीच्या डोंगरात हवा स्वच्छ होती, जेवण चविष्ट होतं आणि पालक भरलेल्या खुसखुशीत वड्या तर मंडळींनी इतक्या खाल्ल्या की पार्सिपनीहून आणलेला चिवडा तसाच राहिला. बोटीवर सगळे पत्ते खेळले. मिकोनोसला त्र्यंबककाकांनी ऊन लागू नये म्हणून बायकोची फुलाफुलांची हॅट घातली आणि दिवसभर काढली नाही. रेखा खूप हसली. हसताना दर वेळी तिला चारुदत्तकडे बघायची सवय होती आणि तो शेजारी नसे.

खोलीत मात्र नुसती आधी तू, आधी तूची लढाई चाले. आंघोळीला आधी तू जा. नाही, तू जा. खिडकीकडचा पलंग तुला. छे, मला कुठलाही चालतो. रेखाला दिवा मालवण्याआधी बोलायला लागतं आणि सीमाला तेव्हा गप्प राहायचं असतं, हे रेखाच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. मग ती बोलणं गिळून पडून राही आणि पलीकडच्या खोलीत चारूनं गोळी घेतली असेल का, याचा विचार करी. सकाळी न्याहारीला तो आला की तिची नजर आधी त्याच्या शर्टावर जाई. मिकोनोसला एके दिवशी बटणं एक काज चुकून लावलेली होती. कॉलर नीट करायचं निमित्त करून तिनं ती परत लावली. बघ, जोडी कशी आहे अजून, असं कुणीतरी म्हणालं आणि टेबलावर हशा पिकला.

सँटोरिनीला बोट दुपारच्या आधी लागली. बंदरापासून बस कड्यावरून नागमोडी वर चढत गेली आणि वर पोचल्यावर खाली सगळा समुद्र पसरलेला. जेवणात फावा नावाचा पदार्थ आला. पिवळ्या डाळीचा तो घट्ट गोळा तोंडात घातल्याबरोबर चारुदत्त म्हणाला, हे तर वरण आहे, आणि त्यानं वेटरकडे भात मागितला. भात मिळाला. अख्ख्या सहलीत तो इतका खूश झाला नव्हता. रेखा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला तिथून त्याचं ताट दिसत नव्हतं.

वासोनं संध्याकाळपर्यंत सुट्टी दिली. सूर्यास्ताला इया गावात न्यायला बस येणार होती. हॉटेल कड्याला पायऱ्यापायऱ्यांनी चिकटलेलं होतं आणि प्रत्येक खोलीपुढे छोटी गच्ची होती. सीमा आणि रेखा आपल्या गच्चीवर खुर्च्या टाकून बसल्या. बरोबर खालची गच्ची चारुदत्तची. तो बाहेर आला, टेबलाशी बसला आणि पाण्याची बाटली उघडू लागला. झाकण फिरेना. त्यानं हात बदलला, बाटली मांडीत धरली, पुन्हा प्रयत्न केला. मग बाटली टेबलावर ठेवली आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. वर बघायचं त्याला सुचलं नाही.

रेखानं मान वळवली. सीमा तिच्याकडेच बघत होती.

"केव्हापासून आहे?" सीमानं विचारलं.

रेखा म्हणाली, काय केव्हापासून.

"रेखा, मी जन्मभर फिजिओ होते. चालताना त्याचा उजवा हात हलत नाही, हे मला तळ्याकाठी पहिल्याच शनिवारी दिसलं. म्हणून तर मी मागे चालायचे. पडला तर धरायला कुणी नको का?"

आता रेखानं लपवायचा प्रयत्न केला नाही. इतके महिने दाबून ठेवलेलं तिनं सगळं सांगितलं, निदान, न्यूरोलॉजिस्ट बाई, हा शेवटचा प्रवास, सगळं. सांगून झाल्यावर तिनं रागानंच विचारलं, कळलं होतं तर बोलली का नाहीस. सीमा म्हणाली, तू सांगशील म्हणून थांबले. मग तिनं आपली बाजू सांगितली. तिनं बेसमेंटमधल्या त्या दिवसाआधीच सहलीच्या एजंटला फोन करून स्वतःसाठी वेगळी खोली ठेवली होती. प्लेट खाली ठेवून ती तेच सांगणार होती. पण रेखा बोलली आणि सीमानं ती खोली कॅन्सल केली. तळ्याकाठी चारुदत्तचा हात दिसल्यावर तर तिला वाटलं, आपण हो म्हणालो ते बरंच झालं. पार्किन्सन्सची माणसं झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, हे तिला माहीत होतं. बाई रोजच्या जागरणानं दमलीय, मिळू दे तिला थोडे दिवस झोप, म्हणून ती आपल्या खोलीत रेखाला सांभाळत होती.

रेखानं कपाळावर हात मारला. "म्हणजे तुला एकटीला राहायचं होतं?"

"मला एखाद्या दिवशी रडायचं होतं गं. तुझ्यासमोर कसं रडू? तू लगेच चहा करायला उठतेस."

यावर रेखाला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. सीमा मात्र हसली नाही. ती खाली समुद्राकडे बघत बोलत राहिली.

"रवींद्र आणि मी शेवटचे पोर्तुगालला गेलो होतो. भाड्याची गाडी पार्क कुठे करायची यावरून भांडलो आणि अख्खी सहल एकमेकांशी धड बोललो नाही. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या सहलीला बघू. शेवटची होती हे मला माहीतच नव्हतं. तुला माहीत आहे, रेखा. तुला डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तू इथे माझ्या खोलीत झोपतेस?"

रेखानं विचारलं की तुला एकटं नाही का वाटणार.

"वाटेल. ते तुझ्यानं थांबणारं नाही. तू आता बॅग भर."

बॅग भरायला वेळ लागला नाही. सीमानंच ती पायऱ्यांवरून खाली आणून दिली आणि दारातून परत गेली. चारुदत्तनं दार उघडलं, बायको बघितली, बॅग बघितली आणि विचारलं की भांडलात की काय. रेखा म्हणाली, नाही, मी इथे राहायला आले. तो पलंगावर बसला आणि सांगू लागला. झोपेत त्यानं एकदा रेखाच्या कोपरावर जोरात हात मारला होता, फेब्रुवारीत, तिचं कोपर आठवडाभर काळंनिळं होतं. तेव्हापासून त्याला ते डाचत होतं. बेसमेंटमध्ये ती बोलली तेव्हा त्याला वाटलं, हिला सुटका हवीय, आणि हक्क आहे तिचा. म्हणून तो गाडीत बरं केलंस म्हणाला होता.

"विचारायचं नाही का मला?" रेखा म्हणाली.

"तू गाडीत एक शब्द बोलली नाहीस. इतक्या वर्षांत तू प्रथमच गप्प बसलीस. मी घाबरलो."

तिनं बाटली उघडून दिली. मग दोघं गच्चीवर बसून पाणी प्यायले, आणि तिनं पार्थेनॉनबद्दल विचारलं. तिथे उभं राहून काय वाटलं, ते त्यानं तिला सांगितलं. नीट, सावकाश, त्र्यंबककाकांना सांगता आलं नसतं ते सगळं सांगितलं. समोर उन्हात समुद्र चकाकत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रेखाला आपण सहलीला आलो आहोत असं वाटलं.

संध्याकाळी बस आली. वासोच्या नियमानं आज सीमाची पाळी सर्वांत पुढच्या सीटवर होती. ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिनं आपली पर्स ठेवली. रेखा चढली, पण तिच्यापाशी न थांबता सरळ मागे जाऊन चारुदत्तशेजारी बसली. त्र्यंबककाका जागा शोधत मधल्या वाटेत उभे राहिले. प्रसादनं मोजणी थांबवली आणि तो म्हणाला, "काकू, अहो, सीमाकाकूंना सोबत?"

बसमध्ये सगळे गप्प झाले. कुणी खिडकीबाहेर बघू लागलं, कुणी मोबाइलमध्ये.

"सीमाला सोबत नकोय," रेखा म्हणाली. "मला हवीय. चारूला पार्किन्सन्स आहे. पुढच्या वर्षी आम्हाला असं येता येईल की नाही माहीत नाही. म्हणून आजपासून मी याच्याजवळ बसणार आहे."

चारुदत्तनं, पेशंटला झोपवताना बोलायचा त्याच आवाजात, सावकाश सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, फक्त बाटलीचं झाकण कुणी आधी सैल करून दिलं तर बरं होईल. त्र्यंबककाका दोन पावलं मागे आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि एकदाचे काही न सांगता पलीकडच्या सीटवर बसले. पुढून सीमानं मागे न वळता ड्रायव्हरला निघायची खूण केली.

बस निघाली. रेखानं नवऱ्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. तो थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता, आणि तिनं तो तसाच राहू दिला.